काठावरचे वाङ्मय आणि पाण्यावरचा संसार

गोड्या पाण्यावर, लहानशा नावेत, नवरा-बायकोने चालवलेल्या संसाराला मराठी कथात्म साहित्यात जवळजवळ जागा नाही. असे का, हा प्रश्न चर्चासत्रात निघाला की उत्तर ठरलेले असते: आपल्या नद्या वर्षातले आठ महिने आटलेल्या, त्यांवर नाव चालणार कशी? विषय युरोपातल्या कालव्यांचा, फार तर बंगालचा. जे आपल्याकडे नाहीच ते मराठी लेखकाने आणावे कोठून? हे उत्तर आम्हांला मान्य नाही. त्यात भूगोल थोडा आणि आळस फार आहे.

आधी युरोपाकडे पाहू. एल. टी. सी. रोल्ट हा इंग्रज अभियंता १९३९ साली पत्नी अँजेलासह 'क्रेसी' नावाच्या नावेवर राहायला गेला. इंग्लंडच्या कालव्यांवरची ही नाव म्हणजे सुमारे सात फूट रुंदीची लांबट पेटीच. त्या प्रवासावरचे 'नॅरो बोट' हे त्याचे पुस्तक १९४४मध्ये निघाले. कालवे तेव्हा गाळाने आणि अनास्थेने मरणपंथाला लागले होते. पुस्तकाने वाचक जागा झाला, आणि १९४६मध्ये कालवे वाचवण्यासाठी 'इनलँड वॉटरवेज असोसिएशन' उभी राहिली. तिच्या संस्थापकांत रोल्ट होता. एका जोडप्याच्या जलप्रवासावरचे ललित पुस्तक एका देशाच्या जलमार्गांचे भवितव्य बदलायला कारण झाले. साहित्याने काही होत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पण याच उदाहरणाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. रोल्टने नाव हौसेने निवडली होती. त्याच कालव्यांवर कोळसा आणि धान्य वाहणारी कुटुंबे नावेच्या टोकाच्या खोलीत, जेमतेम दहा फुटांत, मुलाबाळांसह राहत. पुढची नाव पुरुष हाकी, मागे ओढत आणलेल्या दुसऱ्या नावेचे सुकाणू बाई धरी. 'नॅरो बोट'मध्ये ही माणसे येतात, लेखक त्यांच्याविषयी आदराने लिहितोही. पण ती दुरूनच दिसतात. निवेदन हौशी प्रवाशाचे, आणि त्यातही नवऱ्याचे. म्हणून या पुस्तकाचे नुसते अनुकरण आम्हांला नको आहे. आपल्याकडेही उद्या कोणी नटवलेल्या नावेतून सहल करून प्रवासवर्णन लिहील आणि त्याला 'मराठीतील नवा प्रयोग' म्हटले जाईल. आमची मागणी त्याहून वेगळी आहे.

आता भूगोल. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावणारी तापी ७२४ किलोमीटर वाहून अरबी समुद्राला मिळते. चांगदेवला तिला पूर्णा मिळते, मुडावदला पांझरा. भुसावळजवळ हतनूरचे धरण, खाली धुळे जिल्ह्यात सुलवाड्याचा बंधारा, पुढे नंदुरबारात सारंगखेडा आणि प्रकाशा. जिथे पाणी अडले तिथे ते साठले, आणि साठलेल्या पाण्यावर नाव आली. 'नाव चालणार कशी' हा युक्तिवाद त्याच दिवशी संपायला हवा होता. दिवस मावळता जाळे टाकायचे, पहाटे उचलायचे. एकाने वल्हे मारायचे, दुसऱ्याने जाळे सांभाळायचे. हे दोघे अनेकदा नवरा-बायको असतात. ती वल्हवते म्हणून तो जाळे टाकू शकतो. संस्थेच्या सभासद-यादीत नाव मात्र बहुधा त्याचे. इंग्लंडच्या कालव्यावरचे मागच्या नावेचे सुकाणू इथे आठवावे.

हा संसार सर्वस्वी नावेतला नाही, हे खरे. घर काठावर असते. पण उन्हाळ्यात नदी आक्रसली की भोई आणि इतर कुटुंबे पात्रातच डांगरवाडी लावतात. (आमच्याकडे डांगर म्हणजे खरबूज, हे पुण्याकडील वाचकांसाठी.) वाळूवर झोपडी घालतात, वेल राखतात आणि पहिल्या पुराआधी सारे आवरून निघतात. दरवर्षी मोडण्यासाठीच बांधलेले घर! याहून मोठे कथाबीज आमच्या कथाकारांना आणखी कोणते हवे आहे? पावसाळ्यात हतनूरचे ४१ दरवाजे उघडले की किती उघडले, किती पाणी सुटले, हे वर्तमानपत्रांत आकड्यांसह येते. खाली कोणाचे जाळे वाहून गेले, ते कोठे येते?

साहित्याने ज्या पाण्याकडे पाहिले नाही, त्याच्याकडे कायद्याने मात्र पाहिले. २०१६च्या राष्ट्रीय जलमार्ग अधिनियमाने देशातल्या १११ जलमार्गांना राष्ट्रीय दर्जा दिला. त्यात तापीचा क्रमांक १००वा. हतनूरपासून खंबातच्या आखातापर्यंत ४३६ किलोमीटर! मध्ये उकाईचे धरण आडवे आहे, ही गोष्ट निराळी. नकाशावर जलमार्ग उमटला. त्या पाण्यावर आज कोण राहते, कसे जगते, हे सांगणारे एखादे मराठी पुस्तक तेव्हा कोणाच्या हाती होते काय? इंग्लंडात पुस्तक आधी आले आणि धोरणाला त्याची दखल घ्यावी लागली. आपल्याकडे धोरण आले, पुस्तक अजून यायचे आहे.

आमच्या वाङ्मयाची नजर काठावरची आहे. बालकवी आमच्या धरणगावचे. पण त्यांच्या 'औदुंबर'मध्येही पाणी दिसते ते काठावरून. तो दोष कवीचा नाही. आठ ओळींत त्यांनी जे साधले ते अपूर्वच. दोष आमचा, की शंभर वर्षे आम्ही त्याच काठावर उभे राहिलो. गो. नी. दांडेकरांपासून पुढे बहरलेले नर्मदा-परिक्रमेचे लेखन घ्या. परिक्रमेचा नियमच असा की धार ओलांडायची नाही. नाव येते ती मुखापाशी, समुद्रसंगमावर. चांगदेवच्या संगमावर उभे राहून आम्ही 'चांगदेव पासष्टी'वर बोलतो. समोरून जाणारी नाव आमच्या 'वाङ्मयीन दृष्टी'च्या कक्षेत येत नाही.

बंगालीत हे घडले, कारण तिथे पाणी जास्त होते, एवढेच कारण नव्हे. माणिक बंदोपाध्यायांनी १९३६मध्ये 'पद्मा नदीर माझी' लिहिली. अद्वैत मल्लबर्मन स्वतः मालो या मासेमार समाजात जन्मले; त्यांची 'तिताश एकटि नदीर नाम' त्यांच्या मृत्यूनंतर, १९५६मध्ये ग्रंथरूपाने आली. म्हणजे नावेतला मुलगा शिकला, आणि लिहू लागल्यावर नावेकडे पाठ फिरवून बसला नाही. आमच्या महाविद्यालयांतून भोयांची मुले शिकत नाहीत काय? शिकतात. आणि 'नदीकाठची संध्याकाळ' या विषयावर निबंध लिहायला सांगितला की तीही घाटावर उभी राहून सोनेरी किरणे मोजतात. निबंध असाच असतो, हे आम्हीच त्यांना शिकवलेले आहे. ज्या मुलीने आईला अंधारात वल्हे मारताना पाहिले, तिच्या वहीत ती आई येऊ नये, अशी व्यवस्था आम्ही मराठीच्या प्राध्यापकांनी केली आहे.

उपाय फार मोठा नाही. नव्या शैक्षणिक धोरणाने पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधन प्रकल्प आणला आहे. त्यात पुन्हा 'अमुक यांच्या कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रण' लिहून घेण्याऐवजी एका विद्यार्थ्याला सुलवाड्याला पाठवा, एकीला हतनूरच्या फुगवट्यावर. नावेच्या भागांना, जाळ्याच्या प्रकारांना, वाऱ्याला, पाण्याच्या रंगाला तिथली माणसे अहिराणीत आणि इतर बोलींत काय म्हणतात, ते टिपू द्या. आणि वल्हे हाती असलेल्या बाईला आधी विचारू द्या. ज्यांना हे शब्द ठाऊक आहेत ती माणसे आता म्हातारी होत चालली आहेत. कादंबरी आज ना उद्या कोणीतरी लिहील. पण तोवर ती ज्या भाषेत लिहायची, ती भाषाच पाण्याखाली गेलेली असेल.