निष्ठा हे कवच नव्हे

एचआयव्हीचा विषय निघाला की समाजाची नजर आजही आपोआप वेश्यावस्तीकडे वळते. भारतात या विषाणूचा पहिला माग १९८६ साली मद्रासमध्ये, देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ततपासणीत लागला. तेव्हापासून हा रोग म्हणजे स्वैर वर्तनाचे प्रायश्चित्त, ही समजूत रुजून बसली. तिला जबर धक्का बसला तो पुण्यात. १९९३ ते १९९६ या काळात तेथील गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या, परंतु देहविक्रय न करणाऱ्या ३९१ स्त्रियांची तपासणी झाली. त्यांपैकी १३.६ टक्के स्त्रियांना एचआयव्हीची बाधा झालेली आढळली. बहुतेकींचा पतीखेरीज अन्य पुरुषाशी संबंध आलेला नव्हता. धोक्याचे सर्वांत ठळक कारण होते ते जोडीदाराला झालेला गुप्तरोग. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनी एक गोष्ट स्पष्ट केली: स्त्रीच्या बाबतीत धोका तिच्या वर्तनात असतोच असे नाही, पुष्कळदा तो तिच्या स्थानात असतो.

त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ लोटला. २००४ पासून बाधितांना सरकारी केंद्रांत मोफत औषधे मिळू लागली, नव्या संसर्गाचे प्रमाणही पुष्कळ उतरले. तथापि २०२१ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार देशातील सुमारे २४ लाख बाधितांमध्ये ४५ टक्के स्त्रिया होत्या आणि बाधितांची सर्वाधिक संख्या महाराष्ट्रातच होती. यावर ‘जनजागृती कमी पडते’ हे ठरावीक उत्तर दिले जाते. ते खोटे नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत या रोगाविषयी सर्वांगीण ज्ञान असलेल्या स्त्रियांचे प्रमाण अवघे २१.६ टक्के भरले. परंतु ज्ञान असूनही ते वापरण्याची मुभा नसेल तर त्याचा उपयोग काय?

येथे अर्थशास्त्रातील सौदाशक्तीची कल्पना उपयोगी पडते. कुटुंबात सहकार्य आणि संघर्ष एकाच वेळी नांदत असतात, असे विवेचन अमर्त्य सेन यांनी १९९० साली केले. सहकार्य मोडल्यास ज्याची अवस्था अधिक बिकट होणार, त्यालाच पडते घ्यावे लागते. जिच्या नावावर घर नाही, शेत नाही, हाती स्वतःची कमाई नाही आणि लग्नानंतर जिच्यासाठी माहेरचे दार निम्मेच उघडे राहिले आहे, त्या स्त्रीने पतीला नकार द्यायचा तो कशाच्या बळावर? कायद्याचे बळही अपुरेच. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही सज्ञान पत्नीवर पतीने केलेली लैंगिक बळजबरी बलात्काराच्या व्याख्येबाहेरच ठेवली आहे.

आर्थिक परावलंबनाहूनही चिवट आहे तो मनावरचा संस्कार. पतीकडे निरोधाचा आग्रह धरणे म्हणजे त्याच्या चारित्र्यावर संशय घेणे, किंवा स्वतःविषयी संशय ओढवून घेणे. मूल होईपर्यंत सासरी पाय स्थिरावत नाहीत. आणि निरोध रोग टाळतो तसा गर्भही टाळतो. अंगावरून पांढरे जाण्यासारखी दुखणी लाजेपोटी अंगावर काढली जातात. त्यांमागे गुप्तरोग असला तर तो विषाणूला वाट मोकळी करून देतो. या सर्वांवर कडी म्हणजे ‘आपण तशा नाही’ हा दिलासा. सदाचरणाचा हा अभिमानच तिला बेसावध ठेवतो.

या संदर्भात एक तुलना बोचणारी असली तरी केलीच पाहिजे. कलकत्त्याच्या सोनागाचीत १९९२ साली डॉ. स्मरजित जाना यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या कार्यातून देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची संघटना उभी राहिली. सांगलीत ‘संग्राम’ संस्थेच्या कामातून १९९६ साली वेश्या अन्याय मुक्ती परिषद आकाराला आली. एकटीने निरोधाचा आग्रह धरला तर गिऱ्हाईक शेजारच्या दारी जाते. सगळ्याजणींनी धरला तर त्याला मान तुकवावी लागते. कामगार चळवळीचे हे जुने सूत्र त्यांनी आपल्या जीवितरक्षणासाठी वापरले. त्यांचे जीवन सुखाचे आहे असा याचा अर्थ नव्हे. पण समाजाने पतित मानलेल्या स्त्रियांना जी अट घालता आली, ती समाजाने पूज्य मानलेल्या गृहिणीला घालता येत नाही, हे सत्य उरतेच.

प्रतिबंधाच्या योजना ‘अतिजोखमीचे गट’ डोळ्यांसमोर ठेवून आखल्या जातात. गृहिणी त्यांत बसत नाही. ती व्यवस्थेच्या दृष्टीस पडते ती गरोदरपणाच्या तपासणीत. मग घरात रोग प्रथम तिच्याच रक्तात सापडतो आणि तो तिनेच आणला असा ठपकाही तिच्यावर येतो. २०१७ च्या एचआयव्हीविषयक कायद्याने ही भीती ओळखली आहे. मारहाणीची वा घराबाहेर काढले जाण्याची रास्त भीती असेल तेथे स्त्रीची बाधा जोडीदाराला कळवू नये, असे तो सांगतो; राहत्या घरातील तिच्या निवासाचा हक्कही मान्य करतो.

उपाय एकेरी असून भागणार नाही. हा प्रश्न जेथे भारताहून कितीतरी उग्र आहे त्या दक्षिण आफ्रिकेतील लिंपोपो प्रांतात गरीब स्त्रियांना लघुकर्जाबरोबर स्त्री-पुरुष संबंधांविषयी शिक्षण दिले गेले. जोडीदाराकडून होणारी हिंसा दोन वर्षांत निम्म्याहून खाली आली. परंतु गावांतील नव्या संसर्गात घट दिसली नाही, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले. म्हणजे स्त्रीच्या हाती पैसा हवाच, पण तेवढ्याने पुरुषाचे वर्तन बदलत नाही. म्हणून गरोदर स्त्रीबरोबर पतीचीही संमतीने तपासणी व समुपदेशन हा नेहमीचा रिवाज व्हावा, घर आणि जमीन दोघांच्या नावे असावी, आणि स्त्रीला स्वतःच्या निर्णयाने वापरता येतील अशी साधने सरकारी रुग्णालयांत मिळावीत. सहा महिन्यांतून एकदा घ्यावयाच्या लेनाकापाविर या इंजेक्शनची दक्षिण आफ्रिका व युगांडात चाचणी झाली, तेव्हा ते घेणाऱ्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही, हे २०२४ साली जाहीर झाले आहे.

अशाने संसारात संशयाचे विष कालवले जाईल, असा आक्षेप घेतला जाईल. वस्तुतः जो विश्वास एकीनेच पाळायचा आणि ज्याची किंमतही तिनेच मोजायची, त्याला विश्वास म्हणणे ही आत्मवंचना होय. पतीची तपासणी हा पत्नीचा अविश्वास नसून पतीचे कर्तव्य आहे, एवढे जरी मान्य झाले तरी प्रतिबंधाच्या कामाला खरी सुरुवात होईल.