सत्त्याण्णवावं पर्सेंटाइल म्हणजे पहिला नंबर नव्हे

रत्नागिरीत बाळाच्या वजनावर मत द्यायला काटा लागत नाही. गणपतीला मुंबईहून आलेली आत्या पाळण्यात डोकावते आणि सांगून मोकळी होते, "बाळसं नाही गं धरलं अजून. दूध पुरतं ना?" बाळाची आई मोबाइलवर ॲप उघडते. तिथे 'पंधरावं पर्सेंटाइल' असं दिसतं, की घर हवालदिल.

पंधरा म्हणजे नापास, हा समज आपल्याकडे सीईटीने पक्का केला आहे. तिथे नव्याण्णववाल्याला हवं ते कॉलेज मिळतं, म्हणून बाळानेही वरच चढायचं! वाढीच्या तक्त्यावर पंधराचा अर्थ एवढाच, की बाळ मुलगी असेल, तर त्याच वयाच्या शंभर निरोगी मुलींत साधारण पंधरा तिच्यापेक्षा हलक्या असतील. त्या पंधराही निरोगीच. उलट, लांबीच्या मानाने वजन सत्त्याण्णवाच्या पुढे गेलं, तर तीही तपासण्याची गोष्ट. गावोगावच्या सुदृढ बालक स्पर्धांत गुटगुटीतपणालाच टाळ्या मिळत आल्या, त्याचं खापर मात्र तक्त्यावर फोडता येणार नाही.

दुसरा पक्ष याच्या नेमका उलट बोलतो. "हे तक्ते गोऱ्यांचे. आमच्या घराण्यात सगळेच काटक. आमच्या पोरांना ते काय लावता?" हा आक्षेप एके काळी रास्त होता. 1977 चा अमेरिकी तक्ता जगभर वापरला जाई, आणि त्यातला लहान बाळांचा भाग ओहायोतल्या, मुख्यतः बाटलीच्या दुधावर वाढलेल्या मुलांवरून काढलेला होता. आईच्या दुधावरचं बाळ पहिले दोनतीन महिने झपाट्याने वाढतं, मग त्याचा वेग जरा उतरतो. त्या तक्त्यावर ते मागे पडल्यासारखं दिसे, आणि धडधाकट आईला पावडरच्या डब्याचा सल्ला मिळे. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये नवी मानकं आणली, ती ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या, स्तनपानावर वाढलेल्या मुलांवरून. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीची होती. पुरेसं अन्न, स्वच्छता आणि औषधपाणी मिळालं, तर पाच वर्षांपर्यंत या सहा देशांतली मुलं जवळपास सारखीच उंच होतात, असं दिसलं. म्हणून 'आमची हाडंच बारीक' म्हणून हात झटकायची सोय उरलेली नाही. आईवडिलांच्या उंचीचा वाटा असतो, नाही असं नाही. पण पहिल्या दोन वर्षांत ताटात काय पडतं आणि जुलाब किती वेळा होतात, याचा हिशेब आधी मांडावा.

तिसरी समजूत मला सर्वांत घातक वाटते: "कार्डावर हिरव्यात आहे ना, मग झालं." अंगणवाडीच्या तक्त्यावर हिरवा, पिवळा, नारिंगी असे पट्टे असतात. हिरव्याची खालची हद्द इतकी खाली आहे, की निरोगी मुलांतली शंभरात दोनतीनच तिच्याखाली जातात. त्या रुंद पट्ट्यात बाळ घसरत राहिलं तरी रंग बदलत नाही.

समजा, दोन मुली आहेत. पहिली सहाव्या महिन्यात 6.4 किलो, नवव्यात 7.3, वर्षाची झाली तेव्हा 7.9. दुसरी सहाव्यात 8.3, नवव्यात 8.5, वर्षाची 8.6. शेजारीण दुसरीला कडेवर घेऊन कौतुक करील. पण पहिली पंधराव्या रेषेवरून ढळलेली नाही. दुसरी पंच्याऐंशीवरून पन्नासाच्याही खाली आली आहे. दोघी हिरव्यातच. जन्मतः मोठं असलेलं बाळ थोडं खालच्या रेषेवर स्थिरावतं, ते ठीक. इथे मात्र सहा महिन्यांत 300 ग्रॅमच भर पडली. बहुधा वरचं अन्न सुरू झालं ते वरणाच्या पाण्याने आणि पातळ पेजेने. पोट भरलं, अंगी लागलं नाही. नाचणीचं सत्त्व घट्ट शिजवून त्यात चमचाभर तूप, मऊ भातात दाट वरण, कुस्करलेलं अंडं किंवा काटे काढलेला मासा, आणि आईचं दूध चालूच, हे आपल्या घरात नवीन नाही.

तक्त्यावरचा वजनाचा ठिपका खरा हवा, तर वजनही खरं हवं. काटा शक्यतो तोच असावा, अंगावर कपडे नसावेत, वाळे, मनगट्या, करगोटा उतरवावा. वजनाबरोबर लांबी मोजून घ्या; ती बहुतेकदा राहूनच जाते. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल, तर वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजा.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं वजन महिनाभरात वाढलं नाही, किंवा त्यानंतर ठिपके जोडणारी रेषा लागोपाठ दोन महिने आडवी राहिली, तर पट्टा कोणता हे न बघता प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा बालरोगतज्ज्ञांकडे जा. जाताना आकडा तोंडी सांगू नका, ठिपक्यांचं कार्ड घेऊन जा.