पडद्याआधी सीट पाहा

पाऊस लागला की सकाळची फेरी बंद पडते आणि घरात व्यायामाची सायकल आणण्याचा विषय निघतो. दुकानात नजर जाते ती पडद्याकडे. किती कॅलरी जळाल्या, किती किलोमीटर झाले! स्वस्त यंत्रांत हा आकडा बहुधा चाकाच्या फेऱ्यांवरून बांधलेला अंदाज असतो. बसणाऱ्याने किती जोर लावला, हे त्याला कळत नाही. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजणे व्यर्थ.

पाहायची ती सीट. पेडल अगदी खाली असताना गुडघा थोडा, साधारण 25 ते 35 अंशांत वाकलेला राहावा. सीट फार खाली असली की वाटीमागचा दाब वाढतो आणि थोड्याच दिवसांत ‘सायकलने गुडघे गेले’ ही तक्रार सुरू होते. फार वर असली की कंबर डावी-उजवीकडे झुलते. सासरे आणि सून एकच सायकल वापरणार असतील तर सीट वर-खालीच नव्हे, पुढे-मागेही सरकायला हवी. बसून न पाहता घरपोच मागवणारे इथेच फसतात. आपले वजन यंत्राला पेलणारे आहे का, तेही विचारावे.

पट्टा किंवा पॅड घासून चालणारी सायकल स्वस्त, पण ती झिजते आणि आवाज करते. चुंबकावर चालणारी महाग, मात्र शांत. फ्लॅटमध्ये शेजारधर्मही सांभाळते. जड चाकाच्या ‘स्पिन बाइक’मध्ये सहसा पाय थांबवले तरी पेडल फिरतच राहते. तिचा ब्रेक कुठे आहे, हे पहिल्याच दिवशी पाहून ठेवावे. घरात लहान मूल असेल तर चाक झाकलेलेच हवे. पाठदुखी असलेल्यांना किंवा तोल जाणाऱ्या ज्येष्ठांना पाठीला टेकू देणारी, पाय पुढे ठेवून चालवायची सायकल अधिक बरी.

सायकलीइतकाच पंखा महत्त्वाचा. घरात समोरून वारा लागत नाही, त्यामुळे तेवढ्याच श्रमात घाम आणि नाडी दोन्ही वाढतात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे बोलता येते, गाता येत नाही. मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची नाडी औषधानेच दबलेली असते. त्यांनी हँडलवरच्या नाडीच्या आकड्यामागे न धावता हीच खूण धरावी. हृदयविकार असल्यास सायकल घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. चालवताना छाती आवळल्यासारखी वाटली तर तिथेच थांबावे आणि लगेच रुग्णालय गाठावे.