मोड आमच्या घरीही येतात, पण...

शुभांशू शुक्लांनी गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जून-जुलैत, अंतराळ स्थानकात मूग आणि मेथीला मोड आणले. व्हॉट्सॲपवर लगेच विनोद सुरू: "मोड तर आमच्या आईच्या डब्यातही येतात, त्याला साडेपाचशे कोटी कशाला?" दुसरीकडे चॅनेलवाले छाती बडवत होते. स्पष्टच लिहितो, मुद्दा दोघांनाही कळलेला नाही.

आधी हसणाऱ्यांशी बोलतो. पैसे मोडांना नव्हे, जागा, प्रशिक्षण आणि गगनयानासाठी लागणाऱ्या अनुभवाला गेले. आता मोडांचं. दाणा मातीत उलटा पडला तरी मूळ खालीच जातं. का? मुळाच्या टोकाशी पेशींत स्टार्चचे जड कण असतात. ते तळाला बसतात, त्यावरून मुळाला 'खाली' कुठे ते समजतं. अंतराळात ते बसतच नाहीत. मग मूळ वाट कशी शोधतं? जमिनीवर हे नीट तपासता येत नाही, कारण गुरुत्वाकर्षणाला बंद करायचं बटण नाही.

माणसाचंही तसंच. अंतराळात कंबर-खुब्याच्या हाडांची घनता महिन्याला साधारण १ ते १.५ टक्के घटू शकते. म्हणून तिथे रोज दोनेक तास व्यायाम करावा लागतो. खुबा मोडून खाटेला खिळलेली आजी आपल्या प्रत्येक गल्लीत आहे. हाड आणि स्नायू का झिजतात, हा तिचाही प्रश्न आहे. शुक्लांनी नेलेल्या सात भारतीय प्रयोगांपैकी एक स्नायूंच्या पेशींवरच होता.

"आमच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही," असं कुणी म्हणेल. खरंय, त्यासाठी भांडूच. पण त्या डॉक्टरला मेथीने अडवलेलं नाही.

आता छाती बडवणाऱ्यांनो. सुनीता विल्यम्स २८६ दिवसांनी परतल्या तेव्हा तुम्ही स्ट्रेचर दाखवून रडारड केलीत. अहो, लांब मोहिमेनंतर ती नेहमीची काळजी असते! स्कॉट केली ३४० दिवस राहून आला, तर २०१८ मध्ये जगभर बातमी फिरली की त्याचा ७ टक्के डीएनए बदलला. नासाला खुलासा करावा लागला: डीएनए तोच आहे, काही जनुकांचं काम करण्याचं प्रमाण बदललं. एवढा फरक समजून घ्यायला पाच मिनिटं लागतात. तेवढीही कुणी दिली नाहीत.

माझी मागणी साधी आहे. मेथी-मुगाचा प्रयोग धारवाडचा, म्हणजे कोल्हापूरकरांच्या शेजारचा. त्याचे आणि बाकी सहांचे निकाल लोकांना समजतील अशा भाषेत, मराठीत सुद्धा, मांडा. जे फसले तेही सांगा. १८ दिवसांत आणि मोजक्या नमुन्यांत किती सिद्ध होतं, किती नाही, तेही सांगा. पैसा आपला आहे, तर नुसत्या टाळ्या कशाला? हिशोब मागा, आणि तो समजून घ्यायची तयारीही ठेवा.