कारभारी हवा, मालक नको

ज्येष्ठ नागरिकांसाठी उभारल्या जाणाऱ्या गृहप्रकल्पांकरिता महारेराने २०२४ साली मार्गदर्शक नियम जाहीर केले. दरवाजा किमान ९०० मिलिमीटर रुंद असावा, जिन्याच्या एका टप्प्यात १२ हून अधिक पायऱ्या नसाव्यात, स्नानगृहात आधारासाठी दांड्या असाव्यात, असे त्यांचे स्वरूप आहे. हे नियम स्वागतार्ह आहेत. मात्र इमारतीचे माप असे मिलिमीटरमध्ये ठरवता येते, तसे ती चालविणाऱ्या माणसाचे ठरवता येत नाही; आणि वृद्धांचे सुखदुःख दरवाजापेक्षा त्या माणसावरच अधिक अवलंबून असते.

हा प्रश्न पुण्या-मुंबईचाच आहे, असे आम्हांस वाटत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील दहा जणांपैकी जवळजवळ एक जण साठी ओलांडलेला होता. साताऱ्याचा माण तालुका, त्याला लागून सांगलीतील आटपाडी, हा पर्जन्यछायेतील मुलूख. पाऊस हुलकावणी देतो आणि तरुण पिढी बाहेर पडते. कोणी मुंबईत माथाडी झाला, कोणी सोन्या-चांदीच्या गलाईसाठी दूरच्या राज्यात गेला. मागे उरतात म्हातारी माणसे. मुले पैसे पाठवितात, फोन करतात. पण रात्री-अपरात्री पाणी कोण देणार? आज ना उद्या म्हसवड-दहिवडीकडेही वृद्धांसाठी निवासाची सोय करावी लागेल. ती चालवायला माणूस कसा शोधावा, याचा विचार आधीच झालेला बरा.

अशा माणसाला आपली सुशिक्षित मंडळी ‘मॅनेजर’ म्हणतात. मराठी बायबलने मात्र त्यासाठी ‘कारभारी’ हा आपल्या मातीतला शब्द योजला आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायात धनी कारभाऱ्यावर घरच्या मंडळींना वेळच्या वेळी शिधा देण्याचे काम सोपवितो. हाच शब्द माणदेशच्या वाचकाला व्यंकटेश माडगूळकरांच्या १९५५ च्या ‘बनगरवाडी’तही भेटतो. धनगरांच्या त्या वस्तीतील वृद्ध कारभाऱ्याचा मान खुर्चीमुळे नाही. वाडीतले प्रत्येक घर तो ओळखतो, म्हणून त्याच्या शब्दाला वजन आहे. (आमच्याकडे बायको नवऱ्याला ‘कारभारी’ म्हणते, तो भाग निराळा.) वाडी त्याची नसते, ती त्याच्या हवाली असते. हवाली असणे आणि मालकीची असणे यांत जो फरक आहे, त्यावरच निवासाच्या व्यवस्थापकाची सारी पारख होते.

पारखीची पहिली जागा म्हणजे संवाद. खोलीचे शुल्क मुलगा भरतो, म्हणून व्यवस्थापक मुलाशी बोलतो आणि आजोबा शेजारी बसून ऐकत राहतात. औषध बदलले, खोली बदलली, सोबती बदलला. विचारले कोणाला, तर फोनवरच्या माणसाला. यात कोणाचा दुष्टावा नसतो, केवळ सोय असते. म्हणूनच हा दोष लवकर ध्यानात येत नाही. उत्तम व्यवस्थापक आधी आजोबांना विचारील, मग मुलाला कळवील. आणि आजोबांनी ‘हे मुलाला सांगू नका’ म्हटले, तर त्यांच्या जिवाला धोका नसेल तेथवर त्यांचा शब्द राखील.

दुसरी जागा पैशाची, आणि येथे आम्हांला कठोर बोलणे भाग आहे. एकाकी वृद्ध माणूस प्रेमाने वागणाऱ्याला काही ना काही देऊ पाहतो: आधी शंभराची नोट, मग अंगठी, मग मुखत्यारपत्रावरील सही आणि शेवटी जमिनीचा तुकडा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास, न्यायाधिकरणाकडून परत मिळविता येते. पण ऐंशीच्या घरातील आजी न्यायाधिकरणाची पायरी कधी चढणार? म्हणून नियम आधीच लिहून ठेवावा: व्यवस्थापकाने व त्याच्या नातेवाइकांनी कोणत्याही रहिवाशाचे मुखत्यारपत्र, बक्षीसपत्र वा मृत्युपत्र यांत आपले नाव येऊ देऊ नये. संस्था चर्चची असली तरी या नियमाला अपवाद नको. किंबहुना आपल्या संस्थेत तो अधिक कडकपणे पाळावा. झग्यावरील विश्वासामुळे हिशेब मागायला लोक संकोचतात, हे आम्ही धर्मगुरू जाणून आहोत.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या नियमावलीच्या ३१ व्या प्रकरणात मठाच्या कोठाराधिकाऱ्याचे गुण सांगितले आहेत. मठातील साधी भांडीकुंडीही त्याने वेदीवरील पवित्र पात्रांसारखी जपावीत आणि देण्यासारखे काही नसेल तेव्हा निदान गोड शब्द द्यावा, असा त्याचा आशय. माणमध्ये या भांड्यांत पाण्याची टाकी प्रथम येईल. उन्हाळ्यात टँकर कधी येतो, टाकी किती दिवस पुरते, हे ज्याला पाठ नाही, त्याची पदविका काय कामाची? जन्मभर ज्वारीची भाकरी खाल्लेल्या माणसाला ती दुधात कुस्करून मिळावी, हेही त्याला सुचले पाहिजे.

येथील बहुतेक रहिवासी ख्रिस्ती नसतील. चैत्रात कोणाला शिखर शिंगणापूरच्या यात्रेची ओढ लागेल, कोणी एकादशीचा उपवास धरील. गाडीची सोय करणे आणि त्या दिवशी साबुदाणा भिजत घालणे, हे व्यवस्थापकाचेच काम आहे. आजारी माणसाच्या उशाशी बसून त्याच्या श्रद्धेचा सौदा करणाऱ्याला या कामावर ठेवूच नये.

नेमणूक करताना आम्ही उमेदवाराला कार्यालयात बसवून प्रश्न विचारणार नाही. त्याला आठ दिवस निवासात राहू द्यावे, त्यांतील दोन रात्रपाळीचे. नवव्या दिवशी रहिवाशांपैकी किती जणांची नावे, गावे आणि सवयी त्याला ठाऊक झाल्या, एवढेच विचारावे. आणि मग तो बाहेर गेल्यावर तेच त्याच्याविषयी रहिवाशांना विचारावे.