‘फाजील’ आणि ‘फद्ल’

अरबीच्या पुष्कळ प्राथमिक पुस्तकांत ‘कृपया म्हणजे मिन फद्लक’ असे समीकरण पहिल्या-दुसऱ्या धड्यातच मांडलेले असते आणि शिक्षकही ते फारसा विचार न करता फळ्यावर उतरवून मोकळे होतात. मराठी विद्यार्थ्यापुरते हे समीकरण दोन्ही बाजूंनी लंगडे आहे, कारण मराठी माणूस रोजच्या बोलण्यात ‘कृपया’ म्हणतच नाही. तो शब्द रेल्वे स्थानकावरच्या उद्घोषणेचा आणि कचेरीतल्या पाटीचा. वाण्याकडे सुटे पैसे मागताना किंवा शेजारणीकडून विरजण आणताना विनंतीचा सगळा भार ‘जरा’, ‘तेवढं’, ‘ना’ अशा छोट्या अव्ययांवर आणि ‘दे, द्या, द्याल का’ या क्रियापदाच्या चढत्या रूपांवर असतो. जो शब्द विद्यार्थी स्वतःच्या भाषेत वापरत नाही, त्याचा प्रतिशब्द त्याला पाठ करायला लावला की तो प्रत्येक वाक्याच्या शेपटाला ‘मिन फद्लक’ बांधू लागतो, यात नवल नाही.

त्यापेक्षा त्या शब्दाच्या पोटात शिरणे फायद्याचे ठरते. अरबीतील बहुसंख्य शब्द सहसा तीन व्यंजनांच्या सांगाड्यातून, म्हणजे धातूतून, घडतात. ‘फ-द-ल’ या धातूची मूळ कल्पना ‘उरणे, अधिक असणे’ अशी असून तिच्यातून औदार्य, कृपा आणि श्रेष्ठता हे अर्थ निघाले, त्यामुळे ‘मिन फद्लक’ म्हणजे शब्दशः ‘तुझ्या औदार्यातून’. याच धातूतला ‘फादिल’ हा शब्द फारसीच्या वाटेने मराठीत ‘फाजील’ होऊन आला. अरबीत सद्गुणी माणसालाही लावले जाणारे हे विशेषण मराठीत लाडापुरते आणि आत्मविश्वासापुरते उरावे, हा शब्दाच्या नशिबाचा भाग. पण ‘जरुरीपेक्षा अधिक’ हा मूळ अर्थ मराठीने जपला आहे. मधल्या व्यंजनाचे स्थित्यंतरही वर्गात सांगण्याजोगे आहे. ‘दाद’ नावाच्या अक्षराने दाखवला जाणारा तो घोगरा, जड ‘द’ अरबांना स्वतःच्या भाषेची खूण वाटतो, इतका की अरबीला ‘दादची भाषा’ असेच म्हटले जाते; फारसी उच्चारात मात्र त्याचा ‘झ’ झाला आणि मराठीत तो ‘ज’ होऊन स्थिरावला. हजर, अर्ज, हजरत, फाजील या सर्वांतला ‘ज’ मूळचा ‘दाद’ आहे, हे एकदा कळले की विद्यार्थ्याला विनंतीच्या व्यवहारातले अर्धा डझन शब्द ओळखीचे वाटू लागतात.

त्याच धातूचे ‘तफद्दल’ हे रूप मात्र उलट दिशेने चालते. चहाचा पेला पुढे करताना, दारातून आधी जाऊ देताना किंवा खुर्ची देताना ते उच्चारले जाते. मराठीतले ‘घ्या ना’, ‘या, बसा’ त्याच्या अगदी जवळचे. मागणाऱ्याचा ‘मिन फद्लक’ आणि देणाऱ्याचा ‘तफद्दल’ या दोघांवर ‘कृपया’ची एकच चिठ्ठी डकवली, की पाहुण्याला बसवताना विद्यार्थी ‘मिन फद्लक’ म्हणतो आणि पाहुणा आपल्याकडून काय मागितले जात आहे, या विचारात पडतो.

नवशिक्याची खरी कसोटी लिंगभेदात लागते आणि तिच्याकडे पाठ्यपुस्तकांचे लक्ष कमी असते. मराठीत ‘दे’ हे आज्ञार्थी रूप मुलाला आणि मुलीला एकच. अरबीत समोरच्याचे लिंग पाहूनच बोलावे लागते. ‘मला दे’ यासाठी लेखी अरबीत पुरुषाला ‘आतिनी’ आणि स्त्रीला ‘आतीनी’ म्हणतात, म्हणजे सगळा फरक ‘ति’च्या ऱ्हस्व-दीर्घावर उभा असतो (पहिल्या ‘आ’च्या जागी प्रत्यक्षात ‘अ’ला जोडून घशातला ‘अैन’ येतो). मराठी बोलण्यात मधल्या इकाराची लांबी अर्थभेद करीत नसल्याने शुद्धलेखनात कंटाळवाणा वाटणारा हा विषय येथे अचानक कानाचा विषय होतो. ‘मिन फद्लक’मध्ये तर आणखी एक खोच आहे: प्रचलित बोलींत पुरुषाला ‘फद्लक’ आणि स्त्रीला ‘फद्लिक’ म्हणतात, परंतु व्याकरणशुद्ध अरबीत पुरुषासाठी ‘फद्लिका’ आणि स्त्रीसाठी ‘फद्लिकि’ अशी रूपे असून वाक्याच्या शेवटी अंत्य स्वर गळतो. परिणामी, नियम काटेकोर पाळून पुरुषाला ‘फद्लिक’ म्हणणारा विद्यार्थी बोलीच्या कानाला त्याला बाई समजून बोलत असल्यासारखा वाटतो. म्हणून पहिल्या आठवड्यात ‘मुम्किन’, म्हणजे ‘शक्य आहे का’, हा शब्द हाती द्यावा. त्याच्यापुढे हव्या त्या वस्तूचे नाव ठेवून सूर प्रश्नार्थक केला की विनंती तयार होते आणि लिंगभेदाचा प्रश्न पुढे ढकलता येतो.

आदरार्थी अनेकवचनाची सवय हा मराठी विद्यार्थ्याचा दुसरा अडसर आहे. वडीलधाऱ्याला ‘तुम्ही’ म्हणत वाढलेल्याला टॅक्सीवाल्यापासून आजोबांपर्यंत सर्व पुरुषांना चालणारा एकवचनी ‘इन्त’ उद्धट वाटतो, वस्तुतः अरबी बोलींत आदर बहुधा सर्वनामाऐवजी संबोधनात असतो: ‘या अम्मी’ (काका), ‘या उख्ती’ (ताई), ‘या हज्ज’ (वृद्ध गृहस्थासाठी). काका-मावशी-ताई अशा नात्यांनी अनोळखी माणसाला हाक मारणाऱ्या मराठी समाजाला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. इजिप्तमध्ये औपचारिक प्रसंगी ‘हद्रितक’ म्हणतात. हा आपल्या ‘हजरत’चाच सख्खा भाऊ, अर्थ ‘तुमची उपस्थिती’.

चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९५९ साली द्विस्तर भाषास्थितीची, म्हणजे एकाच समाजात लेखनाची आणि घरची अशी दोन रूपे शेजारी नांदण्याची, संकल्पना मांडताना अरबीचे उदाहरण घेतले होते. विनंतीच्या शब्दांत हे अंतर रोज जाणवते: मोरोक्कोत ‘आफाक’, लेवांतात (सीरिया-लेबनॉनच्या भागात) ‘अमोल मारूफ’, आखातात ‘अल्लाह यखल्लीक’. रत्नागिरी-रायगडमधून आणि गोव्यातून आखातात नोकरीला जाणाऱ्यांना शिकवताना केवळ लेखी अरबीचा आग्रह धरणे हे शिक्षकाच्या सोयीचे असले तरी विद्यार्थ्याच्या उपयोगाचे नाही. त्यातल्या त्यात ‘लौ समहत’, ‘तू परवानगी दिलीस तर’, हा प्रयोग मोठ्या प्रदेशात चालतो (स्त्रीला ‘समहती’). त्यातले क्रियापद भूतकाळी असते. मराठीतही ‘जरा सांगितलंत तर बरं होईल’ या वाक्यात विनंती भूतकाळी रूपाच्याच आडून येते, तेव्हा हे व्याकरण परके नाही.

विनंतीइतकेच तिचे उत्तरही शिकवले पाहिजे. इजिप्तमधला माणूस ‘हादिर’ म्हणतो, म्हणजे ‘हजर’. आखातातला ‘इन्शाअल्लाह’ म्हणतो आणि विनंतीच्या उत्तरात बहुधा त्याचा अर्थ ‘बरं, करतो’ इतकाच असतो. फर्ग्युसन यांनीच १९६७ मध्ये सीरियातील शिष्टवचनांबद्दल दाखवून दिले होते की तेथे उत्तर अनेकदा मूळ वाक्याच्याच धातूतून प्रतिध्वनीसारखे उठते. काम करणाऱ्याला ‘यातीक अल्-आफ्या’, ‘देव तुला आरोग्य देवो’, असे म्हटले की तो ‘अल्लाह यआफीक’ म्हणतो. ‘शुक्रन’नंतर येणारा ‘अफ्वन’, मोरोक्कोतला ‘आफाक’ आणि मराठीतला ‘माफ’ हेही ‘आफ्या’च्याच धातूचे. हमालाने पेटी उतरवून ठेवल्यावर नुसते ‘शुक्रन’ म्हणणाऱ्याचे काही चुकत नाही. ‘यातीक अल्-आफ्या’ म्हणणाऱ्याला मात्र पाठोपाठ त्याच धातूचा आशीर्वाद परत मिळतो.