दमणला जाताना कालनिर्णय सोबत घ्या
नाक्यावरून : उधवेकर

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली की आमच्या तलासरी-डहाणूच्या पट्ट्यात बेत सुरू होतात. शिक्षक, ग्रामसेवक, वापीच्या कारखान्यात सुपरवायझर असलेले, अशांच्या घरात गोव्याचं नाव निघतं. मग खर्चाचा हिशोब होतो, नाव मागे पडतं आणि 'चला, महालक्ष्मीला जाऊन येऊ' यावर गोष्ट मिटते. मध्येच कुणी दमण म्हणालं, तर घरातल्या बाईच्या कपाळाला आठी पडते. ती का पडते, हे पुरुषांना सांगायला नको.

उधव्याहून दमण दीडेक तासावर. १५५९ साली पोर्तुगीजांनी घेतलेलं आणि १९६१ च्या डिसेंबरपर्यंत न सोडलेलं गाव. कोट, चर्च, दीपगृह, नदीचं मुख, मासळीच्या होड्या, सगळं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. आणि आम्ही सीमेवरच्या लोकांनी त्याचं काय केलं, तर स्वस्त बाटलीचं दुकान. माझं म्हणणं सरळ आहे. घरात सात-आठ वर्षांखालची पोरं असतील तर गोव्याआधी दमणला जावं, आणि तो बेत बापाच्या तलफेवर नाही, पोरांच्या पायांवर आणि झोपेवर आखावा.

वसई का नको, असं कुणी विचारेल. आमच्याच जिल्ह्यातला किल्ला, १७३९ साली चिमाजीअप्पांनी जिंकलेला; मराठी माणसाला तो दमणपेक्षा जवळचा वाटणारच. मोठ्या मुलांना जरूर न्या. पण वसईचा कोट आज रिकामा आहे. पाच वर्षांच्या पोराला पडकी भिंत म्हणजे पडकी भिंतच. ती कोणाची, का पडली, हे सांगत बाप तासभर बोलतो, तोवर पोरगं पाण्याची बाटली संपवून 'घरी कधी जायचं' म्हणायला लागतं. जंजिरा तर लहानांसाठी नकोच. शिडाच्या होडीतून हेलकावत दरवाजापाशी जायचं आणि लाट खाली-वर होत असताना पायरीवर पाऊल टाकायचं. दोन वर्षांचं पोर कडेवर घेऊन हा उद्योग कशाला?

मोटी दमणचा कोट वेगळा. दहा बुरूज, जमिनीच्या बाजूला खंदक, नदीकडे एक दरवाजा आणि दक्षिणेला दुसरा. पण आत गेल्यावर गाव आहे. सरकारी कचेऱ्या आहेत, घरं आहेत, वऱ्हांड्यात कपडे वाळत असतात, झाडाखाली स्कूटर लावलेली असते. बॉम जीझसचं चर्च १६०३ चं, आणि त्यात अजून प्रार्थना होते. मुलांना 'इथं लोक राहायचे' असं सांगावं लागत नाही, ती बघतातच. शिवाय सावली आहे. पोरं बरोबर असताना सावली ही शिल्पकलेपेक्षा मोठी गोष्ट आहे, हे पर्यटनाची पुस्तकं लिहिणारांना कळत नाही.

एका दिवसाला एक कोट, याच्या वर जाऊ नका. सकाळी आठला मोटी दमण. दरवाजातून आत, चर्चपाशी थोडा वेळ, समोर रोझरीचं छोटं चॅपेल. तिथलं सोनेरी लाकडी कोरीवकाम वर मान करून बघायचं, त्यातल्या पंखवाल्या बाळांचे चेहरे पोरांना शोधायला लावायचे. मग तटावर, दीपगृहाच्या बाजूला. तटाला सगळीकडे कठडा नाही, तेव्हा हात सोडायचा नाही. साडेदहाला परत. मधे कुणी बोकाजचं घर दाखवलं तर दाखवू द्यावं. पोर्तुगालचा हा नामवंत कवी १७८९ साली लष्करी नेमणुकीवर इथं आला आणि थोड्याच दिवसांत नोकरी टाकून मकावला पळाला. पोरांना कवितेशी देणंघेणं नसतं. मास्तरांना न सांगता पळालेला माणूस मात्र त्यांना फार आवडतो.

दुपार झोपेची. ही जागा बेतात रिकामी सोडली नाही तर संध्याकाळ रडण्यात जाते. म्हणून नुसतं जाऊन-येऊन करण्यापेक्षा एक रात्र राहावं. खोली रस्त्यापासून आत, खाली बार नसलेली बघावी. आणि आरक्षण करताना 'फॅमिली आहे का' असं विचारू नका, तिथं सगळेच हो म्हणतात. 'खाली बार आहे का' असं विचारा.

दुसऱ्या सकाळी नदीच्या पलीकडे, नानी दमणचा सेंट जेरोमचा कोट. लहान आहे, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्याचा नदीकडे तोंड केलेला दरवाजा हीच मुलांसाठी खरी गंमत. वर संत जेरोमची मूर्ती आणि दरवाजाच्या दोन बाजूंना दोन आडदांड दगडी माणसं. आमच्या धाकटीनं त्यांच्याकडे बराच वेळ बघून विचारलं, "बाबा, हे आत जाऊ देतील का?" मी म्हटलं, विचार. तिनं खरंच विचारलं. मग स्वतःच आवाज जाड करून "जा" म्हणाली आणि आत गेली. आत समुद्राच्या माउलीचं चर्च आहे, दफनभूमी आहे. पण तिचा किल्ला दारातच बघून झाला होता. तेवढा पुरे. तटावर चढलो की खाली दमणगंगा आणि होड्या. ओहोटीला होड्या चिखलात कलंडून पडलेल्या असतात, माणसं त्यांच्या पोटाखाली बसून जाळी दुरुस्त करतात. पोरांना इथं घाई करू नका.

ही दमणगंगा मुलांना परकी नाही. नाशिककडच्या डोंगरात उगम पावून ती मधुबन धरणातून, सिल्वासाच्या बाजूनं, वापीवरून इथं समुद्राला मिळते. येताना रस्त्यात तीच नदी दाखवली की मुलांच्या डोक्यात दमणचा धागा घराशी जुळतो.

इतिहास सांगायचाच असेल तर तो कोटात नका सांगू, गाडीत सांगा. पोरं तिथून पळू शकत नाहीत. आणि आमच्या रस्त्याइतका इतिहास कुठल्या रस्त्याला आहे? उधव्याला लागून जो नगर हवेलीचा मुलूख आहे, तो पोर्तुगीजांना दिला पेशव्यांनी. मराठी आरमारानं त्यांचं सांताना नावाचं जहाज धरलं, त्याच्या भरपाईत १७८३ साली. पुढं १९५४ च्या जुलैत दादरा सुटलं आणि २ ऑगस्टला सिल्वासा. त्यात आझाद गोमंतक दलाचे लोक होते, संघाचे स्वयंसेवक होते, लाल बावट्याखालचे वारली होते. सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते. वर्षभरानं आकाशवाणीवर गीतरामायण गाणारे बाबूजी आदल्या वर्षी आमच्या बाजूच्या रानात होते, हे ऐकून मागच्या सीटवरची आजी पुढं सरकून बसते.

दमण मात्र पोर्तुगीजांकडेच राहिलं आणि त्यांनी वाट मागितली, दमणहून सिल्वासापर्यंत, भारताच्या हद्दीतून. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला : खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क होता, फौजेला नव्हता, आणि भारतानं अडवलं त्यात काही बेकायदा केलं नाही. भिलाड ते वापीच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर पोरांना हे सांगून बघा. आपण कुठल्या प्रकारात मोडतो यावर अर्धा तास जातो. आणखी एक गोष्ट शेवटी राखून ठेवा. १९६१ च्या ऑगस्टमध्ये नगर हवेली भारतात विलीन व्हायची, तेव्हा नेहरूंबरोबर करारावर सही करायला बदलानी नावाच्या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसासाठी तिथला पंतप्रधान केलं होतं. आमच्याकडे तेव्हापासून रोज एक नवा पंतप्रधान असतो आणि टीव्हीचा रिमोट त्याच्याकडे.

आता बाटलीचं. कुटुंबाबरोबर दमणला निघालेले आमचे काही मित्र परतताना दोन-चार बाटल्या मुलाच्या डायपरच्या पिशवीत दडवतात, पोलीस बाईमाणसाची आणि लेकराची पिशवी उघडत नाहीत या भरवशावर. दमण आणि आपण यांच्या मधे गुजरात आहे, तिथं दारूबंदी आहे, आणि महाराष्ट्रातही परमिटाशिवाय बाहेरची दारू आणणं गुन्हाच. नाक्यावर गाडी बाजूला घेतली की काय होतं ते मी या सदराच्या निमित्तानं पुष्कळदा पाहिलं आहे : बाप हात जोडून उभा, आई खाली मान घालून, आणि काचेला नाक लावून पोर बघतंय. त्या पोराला दमणचा कोट लक्षात राहणार नाही, हे लक्षात राहील. चार पैसे वाचवायला हा सौदा महाग आहे.

राहिला समुद्र. देवकाला खडक आणि चिखल, पाण्यात उतरायला ती जागा नाही. तिथं २०२३ साली झालेल्या साडेपाच किलोमीटरच्या किनाऱ्याच्या रस्त्यावर पोरांना पळू द्या. पाण्यात पाय बुडवायचे तर जंपोर. सुरूची झाडं आहेत, वाळू सपाट आहे. पण इथला समुद्र ओहोटीला फार लांब जातो आणि भरतीला तितक्याच वेगानं येतो. म्हणून कालनिर्णय. आमच्याकडे मांगेले-माच्छी जो हिशोब करतात तो करा : तिथीची पाऊणपट करायची, येईल त्या तासाला भरती. सप्तमी म्हणजे सात, पाऊणपट सव्वापाच. हा मुंबईकडचा हिशोब, दमणला आणखी तासभर पुढं धरावा. लक्ष्मीपूजनाच्या आसपास गेलात तर उधाणाची भरती भर दुपारी, पोरं झोपलेली असताना. आणि संध्याकाळी टोपली-फावडं घेऊन उतराल तेव्हा समोर नुसता गाळ.

शिवाय पाडव्यापासून लाभपंचमीपर्यंत सुरत-वापीची सगळी गर्दी दमणला लोटलेली असते, खोलीचे भाव विचारू नयेत. शाळेची सुट्टी त्यानंतरही असते. लाभपंचमी उलटली की षष्ठी-सप्तमीला निघावं, फक्त शनिवार-रविवार टाळावा. तेव्हा दुकानं उघडलेली असतात, गर्दी परतलेली असते, भांगाची भरती असते म्हणून पाणी नरम, आणि जंपोरला ते संध्याकाळी पाच-सहाला बरोबर भरतीवर आलेलं असतं. परतताना हायवे नको, ट्रक फार. सिल्वासा-खानवेलवरून या, आणि खानवेलच्या आधी पोरांना एकदा खाली उतरवा. पुढं उधव्यापर्यंत वळणं आहेत आणि दुपारी खाल्लेलं पोटात राहत नाही.